गुंठ्यातले एकशे ऐंशी फूट

तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. बारामती-इंदापूरकडच्या मुलांना हे शाळेत जाण्याआधीच कानावरून ठाऊक होते. बांधावर, चावडीत, तलाठ्याच्या दारात, वाटणीच्या बैठकीत हा शब्द सतत येत असतो. पुढे आठवी-नववीच्या वर्गात विस्तारसूत्र वापरून तेहतीसचा वर्ग काढायची वेळ आली की वहीत पुष्कळदा असे दिसते: तीस अधिक तीन, कंसाचा वर्ग, तिसाचा वर्ग ९००, तिनाचा वर्ग ९, बेरीज ९०९. खरा गुंठा असतो १,०८९ चौरस फुटांचा. मग मधले १८० फूट गेले कुठे?

कागदावर चौरस आखला की ते सापडतात. तीस फुटांचा मोठा चौरस, कोपऱ्यात तीन फुटांचा लहान चौरस आणि मोठ्याच्या दोन बाजूंना तीस बाय तीनच्या दोन पट्ट्या. एकेक पट्टी ९० चौरस फुटांची. सूत्रातले ‘दोन अ ब’ म्हणजे याच दोन पट्ट्या. खऱ्या वाटणीत गुंठ्यामागे १८० फूट कोणी सोडून दिले, तर भाऊबंदकी कोर्टात जाईल. वहीत ते मुकाट्याने सुटतात आणि त्यांवर लाल फुली पडते. उत्तर चुकले एवढे फुली सांगते, पट्टी कुठे राहिली हे सांगत नाही. पुढच्या पानांतले प्रश्नसंच त्या राहिलेल्या पट्ट्या शोधण्यासाठी आहेत.

जमीन मोजणीचे आणि इंदापूरचे नाते जुने आहे. इंग्रजी अंमल आल्यावर पुणे जिल्ह्यातली पहिली पद्धतशीर जमीन मोजणी आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतली. जमिनीची प्रत ठरवायची, त्या प्रतीतून खर्च वजा जाता निव्वळ किती उत्पन्न निघते ते काढायचे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा, अशी रीत. कागदावर ती नेटकी दिसे. पण मोजमापांत चुका होत्या, उत्पन्नाचे आकडे भरवशाचे नव्हते आणि त्यांच्यावर गुणाकार-भागाकारांची लांबच लांब उतरंड रचलेली होती. तळातली चूक वरपर्यंत चढत गेली. सारा झेपेना, तशी शेते पडीक पडू लागली. मग १८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नव्याने काम सुरू केले. मातीचा रंग आणि खोली पाहून सोळा आण्यांपासून खाली उतरत जाणाऱ्या प्रती ठरवल्या, हिशेब सोपा केला, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. इंदापूरच्या मातीत घडलेला हा इतिहास गणिताच्या वर्गातही सांगण्याजोगा आहे. अपूर्णांकात चूक झाली की शेत ओस पडते, इतका ठसठशीत दाखला दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले आहेत. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर. आणि एक गुंठा भरतो सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर आणि गुंठा इतके जवळजवळ आहेत, की बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. एका गुंठ्याला ते चालून जाते. पाच एकरांना, म्हणजे दोनशे गुंठ्यांना, २०२.३४ आर होतात. फरक सव्वादोन गुंठ्यांहून मोठा पडतो. अंदाज कुठवर चालवून घ्यायचा आणि काटेकोर कुठे व्हायचे, हा निर्णय सूत्रात लिहिलेला नसतो.

माध्यमिक शाळेतली गणिताची मूलभूत कौशल्ये मोजकीच आहेत. धन-ऋण चिन्हे सांभाळणे. अपूर्णांक आणि दशांश हाताळणे. गुणोत्तर, प्रमाण आणि शेकडेवारी ओळखणे. एकके बदलणे आणि उत्तराचा अंदाज बांधणे. भाषेतले वाक्य समीकरणात मांडणे. आकृती पाहून कारणासह विधान करणे. दहावीला बीजगणित आणि भूमिती अशा दोन लेखी प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकी ४० गुणांच्या, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. त्या दोन्ही पत्रिकांतला बहुतेक प्रत्येक प्रश्न या कौशल्यांवरच उभा असतो. वर्गसमीकरण सोडवताना मूल अडते ते अनेकदा वर्गसमीकरणापाशी नसतेच. सातवीतल्या ऋण चिन्हापाशी किंवा पाचवीतल्या भागाकारापाशी अडलेले असते.

हे देशभरचे चित्र आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालासाठी २०२३ मध्ये २८ जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले होते. ते बरोबर जमले ४३.३ टक्क्यांना. या वयाची बहुतेक मुले शाळा-कॉलेजात जाणारीच होती. तेव्हा प्रश्न शाळेत जाण्याचा राहिलेला नाही. शिकलेले हातात का राहत नाही, हा आहे.

त्याचे एक उत्तर सराव कसा केला जातो यात आहे. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक घटकामागे ‘सरावसंच’ असतो आणि प्रकरणाच्या शेवटी ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’. सरावसंचाच्या वरच नुकतीच ती रीत शिकवलेली असते. खालचे दहा प्रश्न त्याच रीतीने सुटणार, हे मुलाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे पहिले दोन प्रश्न डोक्याने सुटतात आणि उरलेले आठ हाताने. संकीर्णात मात्र रीत कोणती, हेही शोधावे लागते. वेळ संपत आला की वगळला जातो तो संकीर्णच.

डग रोरर आणि केली टेलर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार निरनिराळ्या घनाकृतींचे घनफळ काढण्याचा सराव कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दिला होता. एका गटाने एकेका आकृतीचे सगळे प्रश्न ओळीने सोडवले, दुसऱ्या गटाने तेच प्रश्न सरमिसळ करून. सराव चालू असताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, सरमिसळ करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळ करणारे ६३ वर टिकले. सराव करताना जे सोपे वाटते ते टिकतेच असे नाही, आणि जिथे अडखळायला होते तिथे काहीतरी रुजत असते. पुढच्या प्रश्नसंचांना म्हणूनच घटकांची शीर्षके दिलेली नाहीत. कोणती रीत वापरायची, ते प्रश्न वाचूनच ठरवायचे आहे.

रोजच्या जगण्यातले प्रश्नही शीर्षक लावून येत नाहीत. उजनीचेच पाहावे. भीमेवरचे हे धरण सोलापूर जिल्ह्यात असले, तरी त्याचे पाणी इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांना टेकलेले आहे. उन्हाळ्यात बातमी येते, ‘उजनी उणे अमुक टक्के’. नवख्याला वाटते, पाणी शून्याच्या खाली कसे जाईल? धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३.६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजली जाते ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे शून्य टक्क्यांना धरण कोरडे नसते, त्यात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असते. २०२४च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नासच्याही खाली गेला होता. उणे पन्नास म्हणजे ५३.५ची निम्मी, सुमारे २६.८ टीएमसीची घट. धरणात उरतात ३६.८. त्याच ऑगस्टात साठ्याने शंभरी ओलांडली. उणे पन्नासपासून शंभरापर्यंतची चढण किती? शंभरातून उणे पन्नास वजा करायचे, म्हणजे १५० टक्के, सुमारे ८० टीएमसी. ‘वजा उणे म्हणजे अधिक’ हा नियम फळ्यावर घोकून विसरलेल्या मुलाला तो पळसदेवच्या पाण्याकाठी पटतो. तिथे धरणात बुडालेले जुने मंदिर पाणी उतरले की वर येते आणि पाणी चढले की पुन्हा खाली जाते.

पावसाळ्यात बातमीची भाषा बदलते. मग दौंडहून येणारा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात आणि साठा टीएमसीत. दोहोंचा मेळ कसा घालायचा? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. भागाकार केला की ११,५७४ येतात. सुमारे साडेअकरा हजार क्युसेकने अहोरात्र पाणी आले, की धरणात एक टीएमसीची भर पडते. हा एक आकडा गाठीशी असला, की कोणतीही बातमी वाचून धरण किती दिवसांत भरेल याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. दहाचे घातांक, एककांचे रूपांतर आणि भागाकार ही तिन्ही कौशल्ये तिथे एकाच ओळीत लागतात.

ऊस तर दोन्ही तालुक्यांचा कणा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा सहकारी कारखान्यांच्या पट्ट्यात एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) हे शब्द जेवताना कानी पडतात. २०२४-२५च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये ठरवले. उतारा त्यावर दर ०.१ टक्क्याने वाढला की ३.३२ रुपये जास्त आणि तितकाच घटला की ३.३२ रुपये कमी. उतारा ११.२५ असेल तर दहा पायऱ्या चढायच्या: ३४० अधिक ३३.२०, म्हणजे ३७३.२०, टनाला ३,७३२ रुपये. हा झाला रेषीय समीकरणाचा सरळ आलेख. पण उतारा ९.२ असेल तर? सूत्रात किंमत भरली की ३०५.१४ येतात आणि ते उत्तर चूक आहे. त्या हंगामात साडेनऊ टक्क्यांखाली दर ३१५.१० वर थांबत होता. तिथून आलेख आडवा होतो. रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, तरी उत्तर चूक, कारण अट वाचायची राहिली. या प्रकारची चूक पकडण्यासाठी संचांत अटी मुद्दाम वाक्याच्या मधोमध ठेवल्या आहेत.

दुधाची गोष्ट याहून बारीक. एका बरणीत ४.२ फॅटचे २० लिटर दूध आहे, दुसऱ्या बरणीत ३.२ फॅटचे ३० लिटर. दोन्ही एकत्र ओतले तर फॅट किती? झटकन येणारे उत्तर ३.७, कारण ते दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये बसते. पण पातळ दूध जास्त आहे. २० गुणिले ४.२ म्हणजे ८४, ३० गुणिले ३.२ म्हणजे ९६. बेरीज १८०, भागिले ५०, उत्तर ३.६. दहावीच्या सांख्यिकीत वर्गीकृत सामग्रीचा मध्य काढताना वारंवारतेने गुणतात, ते याच कारणाने. दूध संकलन केंद्रावर रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीला हे वेगळे शिकवावे लागत नाही; सारणीतली वारंवारता म्हणजे बरणीतले लिटर, एवढे दाखवून द्यावे लागते.

हे सगळे करताना पाढ्यांचे काय? जुन्या मराठी शाळेत तिसापर्यंतच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अपूर्णांक हा वेगळा, अवघड विषय आहे असे त्या मुलांना कोणी सांगितलेच नव्हते. तो त्यांच्या जिभेवर होता. पाठांतराने समज येत नाही हे खरे, पण सात साती करताना अडणाऱ्या मुलाचे लक्ष त्या सातातच गुंतून पडते आणि समीकरण हातून निसटते.

बारामतीला याचा एक सुंदर दाखला घरातच आहे. पन्हाळ्याला जन्मलेले मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीच्या नाईकांच्या आश्रयाला आले आणि कऱ्हेकाठी आयुष्यभर आर्या रचत राहिले. त्यांच्या लाडक्या गीती प्रकारात चरणांच्या मात्रा बारा, अठरा, बारा, अठरा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ज्याच्या कानात ही चाल मुरली आहे त्याला एखादी मात्रा कमी पडली की मोजण्याआधीच खटकते. मोजणी कानात उतरली की मन शब्दाकडे वळायला मोकळे होते. लघु-गुरूंच्या याच हिशेबातून जुन्या छंदशास्त्रकारांना एक श्रेणी सापडली. एक मात्रा भरण्याची रीत एक, दोन मात्रांच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या पाच, पाचच्या आठ. प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज. विरहांक आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र यांनी हा नियम मांडला, तेव्हा ज्याच्या नावाने जग आज ही श्रेणी ओळखते त्या फिबोनाचीचा ग्रंथ लिहिला जायचा होता. गणांचे बंधन बाजूला ठेवले, तर बारा मात्रांचा चरण भरण्याच्या रीती २३३ होतात. हा आकडा बेरीज करत करत वहीच्या एका पानावर कोणालाही काढता येतो.

भूमितीसाठीही फार दूर जावे लागत नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते, तेव्हा बेलवडीला गोल रिंगण होते. रिंगणाची त्रिज्या एका मीटरने वाढवली, तर अश्वाला एका फेरीत किती जास्त धावावे लागेल? सुमारे ६.२८ मीटर, आणि मूळ रिंगण लहान असो वा प्रचंड, हे उत्तर बदलत नाही. ते का बदलत नाही, हे सूत्रातून एका ओळीत दिसते आणि तरीही पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने तीन, चार आणि पाच फूट घेऊन काटकोन पक्का करतो. तो पायथागोरसचे प्रमेय वापरत नाही, त्याचा व्यत्यास वापरतो. बाजू जुळल्या म्हणून कोन काटकोन, असा त्याचा युक्तिवाद. प्रमेय आणि व्यत्यास यांतला फरक दहावीच्या पेपरात गुण देतो-घेतो, पायावर तो भिंत सरळ ठेवतो. इंदापूर तालुक्यातलेच वालचंदनगर साखर कारखान्याभोवती वसले. तिथल्या यंत्रशाळेत पुढे इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटर केसिंग घडू लागले. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर आहे. त्याच्या कवचाला पत्रा वळवायचा तर लांबी किती लागेल? २२ छेद ७ गुणिले २.८, म्हणजे ८.८ मीटर. महत्त्वमापनातला दंडगोल इतक्या जवळ आहे.

सराव म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे शिक्षा उभी राहते, पण तो खेळही होऊ शकतो. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) वजाबाकीशी आयुष्यभर खेळत राहिले आणि १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ही संख्या जगापुढे ठेवली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि येणाऱ्या उत्तरावर तेच करत राहायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. इंदापूरच्या मोजणीचे साल १८३५ घेऊन पाहावे: ८५३१ उणे १३५८ म्हणजे ७१७३, मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. एकही वजाबाकी चुकली तर वाट वाकडी होते. पुढे ती ६१७४लाच पोचली, तरी पायऱ्या शेजाऱ्याच्या पायऱ्यांशी जुळत नाहीत. हातच्याचा याहून चांगला सराव दुसरा क्वचितच असेल, आणि मधल्या सुट्टीतही मुले तो आपणहून करतात.

प्रश्नसंच वापरण्याची रीत थोडक्यात अशी. रोज सहा-सातच प्रश्न घ्यावेत. सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज समासात लिहावा. अंदाज शंभराचा आणि उत्तर दहा हजारांचे आले, तर चूक कोणी दाखवण्याची गरज पडत नाही. चुकलेले गणित खोडू नये. त्याच्या शेजारी नेमकी कोणती पट्टी राहिली ते एका वाक्यात लिहावे: चिन्ह, हातचा, एकक, अट की सूत्र. वहीत अशी वाक्ये साठली, की प्रत्येकाची आवडती चूक आपोआप उघडी पडते. चुकलेला प्रश्न चार दिवसांनी आणि पुन्हा तीन आठवड्यांनी, आधीचे उत्तर झाकून सोडवावा. शिक्षकांना विनंती एवढीच, की संकीर्ण प्रश्न शेवटासाठी राखून ठेवू नयेत आणि संचांतले आकडे जुने वाटले तर त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून धरणाचा साठा आणि उसाचा दर घेऊन प्रश्न नवे करावेत.

सुरुवात गुंठ्यापासूनच होते. पहिल्या संचातला पहिला प्रश्न असा: एका भावाला ३३ फूट बाय ३३ फुटांची जागा मिळाली, दुसऱ्याला ३६ फूट बाय ३० फुटांची. दोघांनीही कुंपणाला १३२ फूट तार विकत घेतली आणि दोघांनाही ती बरोबर पुरली. जागा दोघांना सारखी मिळाली का? आकृती काढावी आणि गुणाकाराला हात घालण्याआधी अंदाज समासात लिहावा.